सोसायटीच्या सीसीटीव्हीसाठी झोनमाइंडर: सर्व्हरवर बसवण्यापासून नवी आवृत्ती चढवण्यापर्यंत

सोसायटीत सीसीटीव्ही असतो, पण तो खरंच चालतोय का हे कळतं कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा फुटल्यावर. सेक्रेटरी काका विचारतात, "परवा रात्रीचं फुटेज दाखव बरं." तेव्हा लक्षात येतं की डीव्हीआरचं घड्याळ दोन तास मागे आहे, हार्डडिस्क तीन आठवड्यांपूर्वीच बंद पडली आहे आणि पासवर्ड ज्याला माहीत होता तो केबलवाला आता फोन उचलत नाही. याच वैतागातून मी आमच्या बिल्डिंगचे आठ कॅमेरे एका साध्या लिनक्स सर्व्हरवर आणले. सॉफ्टवेअर निवडलं झोनमाइंडर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र दाखवणारं आणि साठवणारं. ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे, आणि जुनंही आहे. २००२ साली फिलिप कूम्ब्स यांच्या गॅरेजमधली हत्यारं चोरीला गेली, त्यावर उपाय म्हणून त्यांनी ते लिहायला घेतलं. म्हणजे त्याचा जन्मच आपल्यासारख्या तक्रारीतून झाला.

बसवायला एक संध्याकाळ पुरते. खरी परीक्षा वर्षा-दोन वर्षांनी, नवी आवृत्ती चढवताना होते. त्या दिवशी काय हाल होतील हे बसवण्याच्या दिवशीच ठरतं, म्हणून इथे बसवण्याच्या टप्प्यांतच पुढच्या बदलाची तयारी येत राहील. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी कागदावरचा हिशोब

यंत्र घेण्याआधी डिस्कचा हिशोब मांडा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने चित्र पाठवतो असं धरू. म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी, तासाला १.८ जीबी, दिवसाला सुमारे ४३ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला ३४५ जीबी, आणि पंधरा दिवस ठेवायचं तर ५.२ टीबी. मी ८ टीबीची डिस्क घेतली. लिनक्समध्ये ती ७.३ च्या आसपास दिसते, घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक यांसारख्या जातीची असावी.

ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस मात्र या डिस्कवर नको. त्यासाठी २५० जीबीची वेगळी एसएसडी घ्या. व्हिडिओची डिस्क भरली तर रेकॉर्डिंग थांबेल, पण सिस्टिमची डिस्क भरली तर सगळंच कोसळतं.

प्रोसेसरला किती दमवायचं ते तुम्ही कॅमेऱ्यांकडून काय काम घेता त्यावर आहे. कॅमेऱ्याकडून आलेला प्रवाह न उलगडता तसाच डिस्कवर ठेवला तर जुना चार कोअरचा आय-५ सुद्धा आठ कॅमेरे आरामात ओढतो. हालचाल ओळखायला लावली की प्रत्येक चौकट उलगडावी लागते आणि पंखे गरगरायला लागतात. मेमरी १६ जीबी असू द्या. यूपीएस हवाच, महावितरणच्या कृपेने तो वाद इथे घालायची गरज नाही.

सिस्टिम आणि डिस्क

उबुंटू सर्व्हरची २२.०४ किंवा २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या, डेस्कटॉप नको. २०.०४ ची नेहमीची मदत मे २०२५ मध्ये संपली, तेव्हा नव्या कामाला ती वापरू नका. सर्व्हरला आणि प्रत्येक कॅमेऱ्याला राउटरवरून पक्का आयपी पत्ता बांधून द्या. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने वेळ-क्षेत्र एशिया/कोलकाता करा, क्रोनी (घड्याळ जुळवून ठेवणारा कार्यक्रम) बसवा आणि कॅमेऱ्यांना वेळ याच सर्व्हरकडून घ्यायला सांगा. पोलिस स्टेशनला फुटेज द्यायची वेळ आली की पहिला प्रश्न वेळेचाच येतो.

व्हिडिओची डिस्क ईएक्सटी-४ ने फॉरमॅट करून एमएनटीखाली सीसीटीव्ही नावाच्या फोल्डरवर जोडा. एफएसटॅब फाइलीत (कोणती डिस्क कुठे जोडायची ते यंत्राला हीच सांगते) डिस्कचं नाव एसडीबी असं लिहू नका, यूयूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख-क्रमांक) लिहा, नाहीतर एखादा पेनड्राइव्ह लावून यंत्र चालू केल्यावर नावं अदलाबदल होतील. पर्यायांत नोफेल लिहा, म्हणजे डिस्क मेली तरी सर्व्हर उठेल.

इथे एक सापळा आहे. नोफेलमुळे डिस्क जोडली गेली नाही तरी फोल्डर तिथे असतोच, फक्त तो एसएसडीवरचा रिकामा फोल्डर असतो. सॉफ्टवेअर बिनदिक्कत त्यात लिहायला लागतं आणि एका दिवसाच्या आत एसएसडी भरते. उपाय सोपा आहे. डिस्क जोडण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचअॅटर प्लस आय' ही आज्ञा द्या. मग डिस्क नसेल तर त्यात कुणालाच, अगदी रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही), लिहिता येणार नाही. डिस्क जोडल्यावर मात्र काहीच अडत नाही. जोडून झाल्यावर फोल्डरची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याला द्या, कारण झोनमाइंडर त्याच्याच नावाने चालतं.

झोनमाइंडर बसवणं

झोनमाइंडरमध्ये आवृत्तीचा मधला आकडा सम असेल तर ती स्थिर, विषम असेल तर विकासातली. १.३४ आणि १.३६ स्थिर, १.३५ आणि १.३७ प्रयोगशाळेतल्या. गेटवरच्या कॅमेऱ्यावर प्रयोग करू नयेत.

दुसरं, १.३६ मध्येही १.३६.३३ च्या आतली आवृत्ती घेऊ नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये झोनमाइंडरमधलं एक गंभीर भगदाड जाहीर झालं, ज्यात लॉगिन न करताच बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. ते १.३६.३३ मध्ये बुजवलं. उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या साठ्यात त्याआधीची १.३६.१२ आहे, म्हणून तिथे मुख्य विकासक आयझॅक कॉनर यांचं १.३६ चं पीपीए (उबुंटूबाहेरचा, विकासकाचा स्वतःचा पॅकेज-साठा) जोडून मग पॅकेज घ्यायचं. २४.०४ मध्ये १.३६.३३ आधीपासूनच आहे.

क्रम असा. 'एपीटी अपडेट' आणि 'एपीटी अपग्रेड' करून यंत्र ताजं करा. मारियाडीबी सर्व्हर (डेटाबेस), अपाची (वेब सर्व्हर) आणि पीएचपी (वेब पानं चालवणारी भाषा) बसवा, मग झोनमाइंडरचं पॅकेज. पीपीएचं पॅकेज डेटाबेस स्वतः तयार करतं. उबुंटूच्या साठ्यातलं घेतलं तर ते काम आपलं: यूएसआर-शेअरखालच्या झोनमाइंडर फोल्डरात डीबी नावाच्या जागी 'झेडएम क्रिएट' ही एसक्यूएल फाइल असते, ती मारियाडीबीत ओता आणि झेडएमयूझर या वापरकर्त्याला झेडएम डेटाबेसचे हक्क द्या.

झेडएमयूझरचा मूळ पासवर्ड सगळ्या जगाला पाठ आहे, तो बदला. पण नवा पासवर्ड ईटीसीखालच्या मुख्य झेडएम डॉट कॉन्फ फाइलीत लिहू नका. शेजारीच कॉन्फ-डॉट-डी नावाचा फोल्डर आहे, त्यात स्वतःची, डॉट कॉन्फने संपणारी फाइल करा आणि आपले सगळे बदल तिथे ठेवा. मुख्य फाइल पुढच्या आवृत्तीबरोबर बदलली जाते, तुमची फाइल राहते. दोन मिनिटांचं काम आहे, आणि आवृत्ती बदलण्याच्या रात्रीचा अर्धा घाम इथेच वाचतो. या फाइली रूटच्या मालकीच्या, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा गटाच्या आणि ६४० परवानगीच्या (मालकाला वाचता-लिहिता, गटाला फक्त वाचता येईल अशा) असाव्यात.

आता अपाची. सीजीआय, रीराइट, एक्सपायर्स आणि हेडर्स ही चार मॉड्यूल्स चालू करा, मग झोनमाइंडरचं कॉन्फिगरेशन चालू करून अपाची पुन्हा लोड करा. सिस्टिमसीटीएलने झोनमाइंडरची सेवा कायमची चालू करा. ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि झेडएम लिहिलं की पान उघडतं.

पान उघडलं तरी लॉगिन विचारलं जात नाही, ही धोक्याची खूण समजा. सुरुवातीला कुलूप उघडंच असतं. ऑप्शन्समध्ये सिस्टिमच्या पानावर ऑथेंटिकेशन चालू करा, ऑथ हॅश सिक्रेटमध्ये लांबलचक निरर्थक मजकूर टाका, आणि अॅडमिन नावाच्या वापरकर्त्याचा पासवर्ड (तोही अॅडमिनच असतो) लगेच बदला. वॉचमनसाठी फक्त थेट चित्र पाहता येईल असा वेगळा वापरकर्ता करा. समितीतल्या सगळ्यांना अॅडमिनचा पासवर्ड देऊ नका, मग कितीही ओळखीचे असोत.

राउटरवर पोर्ट उघडून हे पान इंटरनेटवर आणायचा मोह होतो. करू नका. घराबाहेरून पाहायचं असेल तर वायरगार्डचं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित वाट) उभं करा. कॅमेऱ्यांना तर इंटरनेटच देऊ नका, त्यांचं बाहेर काही काम नसतं.

कॅमेरे जोडताना

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन आधी तीन गोष्टी करा. चित्राचं कोडिंग एच.२६४ ठेवा. एच.२६५ जागा वाचवतं, पण प्रत्येक ब्राउझरात ते चालेलच असं नाही आणि ऐन वेळी काकांच्या लॅपटॉपवर काळी चौकट दिसते. 'प्लस' किंवा 'स्मार्ट' नावाची कोडेकची (चित्र आकसवण्याच्या पद्धतीची) करामत बंद करा. आणि की-फ्रेमचं (पूर्ण चित्र असलेल्या चौकटीचं) अंतर फ्रेम-दराइतकं किंवा दुप्पट, म्हणजे २५ चा दर असेल तर २५ किंवा ५० ठेवा.

मग झोनमाइंडरमध्ये नवा मॉनिटर (इथे जोडलेल्या कॅमेऱ्याला हेच नाव आहे) जोडा. स्रोताचा प्रकार एफएफएमपेग, पद्धत टीसीपी, आणि पत्ता आरटीएसपीचा (कॅमेऱ्याचा थेट प्रवाह मागवण्याची पद्धत), पोर्ट ५५४. पत्त्याची शेपटी कंपनीप्रमाणे बदलते. हाइकव्हिजनमध्ये शेवटी स्ट्रीमिंग, चॅनेल्स आणि १०१ येतं. पहिला अंक कॅमेऱ्याचा आणि शेवटचा प्रवाहाचा, म्हणजे १०२ हा पहिल्या कॅमेऱ्याचा हलका प्रवाह आणि २०१ हा डीव्हीआरवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह. दाहुआमध्ये चॅनेल आणि सबटाइप असे दोन आकडे लिहावे लागतात, सबटाइप ० म्हणजे मुख्य. जुने अॅनालॉग कॅमेरे टाकून द्यायची गरज नाही, त्यांच्या डीव्हीआरकडूनच प्रवाह घेता येतो. पासवर्डात अॅट-चिन्ह असेल तर पत्ता तिथेच तुटतो. त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहा, किंवा पासवर्डच साधा पण लांब ठेवा. या एका चिन्हापायी मी रविवारची दुपार घालवली आहे.

स्टोरेजच्या पानावर जेपेग जतन करणं बंद करा आणि व्हिडिओ रायटरला 'कॅमेरा पासथ्रू' द्या. प्रोसेसर मोकळा राहतो तो यामुळेच. ऑप्शन्समध्ये नवी साठवणुकीची जागा म्हणून आपला सीसीटीव्ही फोल्डर आधी नोंदवा आणि प्रत्येक मॉनिटरला तीच जागा द्या.

काम कोणतं द्यायचं? 'मॉनिटर' म्हणजे नुसतं पाहणं, 'मोडेक्ट' म्हणजे हालचाल झाली तरच नोंद, 'रेकॉर्ड' म्हणजे अखंड नोंद, 'मोकॉर्ड' म्हणजे अखंड नोंद आणि त्यात हालचालीच्या खुणा. सोसायटीसाठी माझं मत स्पष्ट आहे: अखंड नोंद. मोडेक्ट पावसाच्या धारा, हलणारा नारळ आणि गेटवरचं मांजर सगळं पकडतं, आणि नेमका अंधारातला माणूस सोडतं. गेटच्या एका कॅमेऱ्याला हवं तर मोकॉर्ड द्या.

मेमरीचा एक आकडा ध्यानात ठेवा. १९२० बाय १०८० ची उलगडलेली एक चौकट साधारण ८.३ एमबी होते, आणि अशा काही चौकटी सामायिक मेमरीत, डेव्ह-एसएचएममध्ये, राहतात. ती जागा मूळची एकूण मेमरीच्या निम्मी असते. १.३६ मध्ये इमेज बफर ३ वर ठेवला तर आठ कॅमेऱ्यांना २०० एमबीच्या आसपास लागतात. जुने लेख वाचून तिथे ५० लिहिलंत तर तीन जीबीच्या पुढे जाल. लॉगमध्ये रांग भरल्याची तक्रार दिसली तर बहुधा की-फ्रेमचं अंतर जास्त आहे, किंवा रांगेची कमाल मर्यादा त्याहून कमी ठेवली आहे.

नोंद होते पण थेट चित्र दिसत नाही, असं झालं तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. दहातल्या नऊ वेळा सीजीआय मॉड्यूल चालू नसतं किंवा झेडएमएसचा (थेट चित्र पाठवणाऱ्या कार्यक्रमाचा) मार्ग चुकलेला असतो.

शेवटी सफाई. 'पर्ज व्हेन फुल' नावाचा फिल्टर डिस्क भरत आली की जुन्या नोंदी पुसतो. तो पार्श्वभूमीत चालू आहे आणि पुसण्याची खूण लावलेली आहे, एवढं डोळ्यांनी पाहा. मूळ ९५ टक्क्यांची मर्यादा मी ९० वर आणतो. 'आर्काइव्ह' केलेल्या नोंदी तो पुसत नाही, म्हणून आरशाच्या प्रकरणाचं फुटेज आर्काइव्ह करा, आणि वाद मिटला की ते काढायलाही विसरू नका.

नवी आवृत्ती चढवताना

माझी फजिती आधी सांगतो. १.३४ वरून १.३६ वर जाताना मी शहाण्यासारखा डेटाबेसचा बॅकअप घेतला, फाइल दिसली, खूश झालो आणि पुढे गेलो. डेटाबेस नव्या रूपात नेण्याचं स्थलांतर अर्ध्यात अडकलं. बॅकअप परत ओतायला घेतला तर फाइलही अर्धीच. एसएसडी भरल्यामुळे तो मध्येच तुटला होता आणि मी पडद्यावरची ओळ वाचली नव्हती. आठही कॅमेरे नव्याने जोडावे लागले. व्हिडिओ डिस्कवर होते, पण कोणता कुठल्या तासाचा हे सांगणारा डेटाबेस गेला होता.

म्हणून आता काम अशा क्रमाने करतो.

आधी कॅमेऱ्यांकडे जा. ज्यांत एसडी कार्डाची सोय आहे त्यांत कार्ड घालून स्थानिक नोंद चालू करा, म्हणजे सर्व्हर बंद असतानाचे तास कोरे जाणार नाहीत. हे काम दुपारी करा. रात्री अकरानंतर आवृत्ती बदलायला बसणं म्हणजे गेट उघडं ठेवून झोपणं.

सध्याची आवृत्ती टिपून ठेवा. नव्या आवृत्तीच्या नोंदी वाचा, विशेषतः मधला आकडा बदलत असेल तर. १.३६ मध्ये हालचाल तपासणारा वेगळा झेडएमए हा कार्यक्रम उरला नाही, ते काम चित्र घेणाऱ्या झेडएमसीतच गेलं. झेडएमएवर नजर ठेवणारी तुमची एखादी स्क्रिप्ट असेल तर ती त्या दिवसापासून उगाच बोंब मारत बसेल.

मग झोनमाइंडरची सेवा थांबवा आणि 'मायएसक्यूएल डंप' या आज्ञेने झेडएम डेटाबेसचा बॅकअप घ्या, तोही मोठ्या डिस्कवर. फाइलीची शेवटची ओळ पाहा. डंप पूर्ण झाला असेल तर तिथे 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख-वेळ असते. ती ओळ नसेल तर तुमच्याकडे बॅकअप नाही. ईटीसीखालचा झेडएम फोल्डरही उचलून ठेवा आणि दोन्हींची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर न्या.

आता मोकळी जागा. स्थलांतरात डेटाबेसचे तक्ते बदलले जातात, आणि मोठा तक्ता बदलताना त्याची दुसरी प्रत तयार होऊ शकते. फ्रेम्स हा तक्ता सर्वांत जाडा असतो. तो १० जीबीचा असेल तर एसएसडीवर निदान तेवढी जागा मोकळी हवी. पंधरा दिवसांपूर्वीच्या अनावश्यक नोंदी आधीच पुसल्या तर हा तक्ता हलका होतो आणि तासाचं काम मिनिटांत उरकतं.

मोठ्या उडीसाठी नवं पीपीए जोडून जुनं काढा, कारण प्रत्येक स्थिर आवृत्तीचं पीपीए वेगळं असतं. 'एपीटी अपडेट' करून फक्त झोनमाइंडरचं पॅकेज वाढवा. मध्येच विचारणा होऊ शकते की झेडएम डॉट कॉन्फ तुमची ठेवू की नवी घेऊ. बदल कॉन्फ-डॉट-डीमध्ये असतील तर बिनधास्त नवी घ्या.

यानंतर झेडएमअपडेट डॉट पीएल चालतं. पीपीएचं पॅकेज ते स्वतः चालवतं, नाहीतर तुम्ही चालवा. मधल्या प्रत्येक आवृत्तीची बदलाची फाइल ते क्रमाने लावत जातं, म्हणून दोन-तीन आवृत्त्या ओलांडून आलात तरी हरकत नाही. ते शांत बसलेलं दिसलं म्हणून कंट्रोल-सी दाबू नका. दुसरं टर्मिनल उघडून मारियाडीबीत चालू कामांची यादी पाहा, तिथे तक्ता बदलण्याचं काम दिसलं तर चहा प्यायला जा.

झाल्यावर अपाची पुन्हा लोड करा, सेवा चालू करा आणि ब्राउझरची कॅशे पुसा. जुनी स्क्रिप्ट कॅशेत राहिल्यामुळे पान विस्कटलेलं दिसतं आणि माणूस उगाच सर्व्हरवर शोध घेत बसतो. मग तपासणी: प्रत्येक कॅमेऱ्याचं थेट चित्र, नव्याने झालेली एक नोंद, बदलाच्या आधीची एक जुनी नोंद, आणि सफाईचा फिल्टर. अखंड नोंदीचा एक तुकडा मूळ मांडणीत ६०० सेकंदांचा असतो, म्हणून दहा मिनिटं थांबून एक तुकडा पूर्ण होताना बघाच.

मागे फिरायचं असेल तर फक्त जुनं पॅकेज टाकून चालत नाही. डेटाबेस नव्या रूपात गेलेला असतो आणि उलटं स्थलांतर नसतं. सेवा थांबवा, नवं पॅकेज काढा, झेडएम डेटाबेस पुसून डंप ओता आणि जुनं पॅकेज बसवा. तेव्हा त्या जुन्या पॅकेजची डेब फाइल कुठे आहे? बदल करण्याआधीच ती 'एपीटी डाउनलोड'ने मोठ्या डिस्कवर ठेवून द्या.

उबुंटूच बदलायचं असेल तर ते वेगळ्या आठवड्यात करा, झोनमाइंडरबरोबर नको. २०.०४ वरून २२.०४ वर जाताना पीएचपी ७.४ वरून ८.१ वर जातं, २४.०४ वर ८.३ होतं. अपाचीत जुनं पीएचपी मॉड्यूल बंद करून नवं चालू केलं नाही तर पानाऐवजी कोड दिसतो किंवा अपाची उठतच नाही. शिवाय या बदलात बाहेरची पीपीए आपोआप बंद केली जातात, ती नव्या उबुंटूच्या नावाने परत जोडावी लागतात.

रोजच्या 'एपीटी अपग्रेड'मध्ये झोनमाइंडर नकळत बदलू नये म्हणून 'एपीटी-मार्क होल्ड' लावता येतं. मी लावतो, पण फोनमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारची आठवणही लावली आहे. त्या दिवशी होल्ड काढायचा, सुरक्षेची नवी आवृत्ती आली का पाहायचं आणि एका कॅमेऱ्याचं चार दिवसांपूर्वीचं रात्री तीनचं फुटेज उघडून बघायचं.